"तू खरी सिस्टर शे ना?" नर्सिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी रजिस्ट्रेशनची सगळी वाट

मागे आमच्या वॉर्डात पारोळ्याकडच्या एक आजी होत्या, शुगर वाढलेली आणि पायाला जखम. सकाळचं इंजेक्शन घेऊन मी कॉटजवळ गेले तर आजींनी हात मागे घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "माय, तू खरी सिस्टर शे ना?" सूनबाई बिचारी लाजली, म्हणाली अहो आत्याबाई असं विचारतात का कोणाला. पण मला राग नाही आला, कारण नंतर कळलं की गावाकडे कोणीतरी पांढरा कोट घालून त्यांना कंबरेत इंजेक्शन दिलं होतं, तिथे पू झाला, कापावं लागलं, महिनाभर बसता येत नव्हतं. मी गळ्यातलं आयकार्ड उलटून त्यांना दाखवलं, रजिस्ट्रेशन नंबर लिहिलेला असतो ना खाली, तो. म्हटलं आजी, हा नंबर मुंबईच्या कौन्सिलचा आहे, माझं काही चुकलं तर या नंबरावरून मला धरता येतं. आजींना वाचता येत नव्हतं पण त्यांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हात पुढे केला.

अमळनेर, चोपडा, शहादा, साक्री, कुठून कुठून पोरी-पोरं फोन करतात, ताई जीएनएमचा डिप्लोमा करू की बीएस्सी नर्सिंग, ताई रजिस्ट्रेशन कधी येतं, ताई रिन्यू नाही केलं तर चालतं का. प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तो नंबर तुमच्या नोकरीसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं, तसं नाहीये. तो नंबर पेशंटचा आहे. हे कळलं की पुढच्या सगळ्या कागदपत्रांच्या कटकटीचा अर्थ लागतो.

कौन्सिल म्हणजे नेमकं काय

नवीन मुलांना कौन्सिल आणि संघटना यातला फरक कळत नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची संघटना, ती नर्सेससाठी बोलते, पगार, ड्युटी, सन्मान, हे तिचं काम. कौन्सिल वेगळी. कौन्सिल कायद्याने बनलेली असते आणि तिचं पहिलं काम पेशंटला सांभाळणं. म्हणजे कोणी किती शिकल्यावर नर्स म्हणवून घ्यायचं हे ठरवणं, जे तेवढं शिकले त्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहिणं, ते रजिस्टर चालू ठेवणं, आणि ज्याने विश्वास मोडला त्याचं नाव त्यातून काढणं. जगात कुठेही जा, काम हेच. नर्सेसच्या रजिस्ट्रेशनचा स्वतंत्र कायदा पहिल्यांदा न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला, इंग्लंडला तर त्यासाठी १९१९ उजाडलं.

आपल्याकडे दोन पायऱ्या आहेत. दिल्लीला इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्याने झालेली, ती देशभराचा अभ्यासक्रम आणि कोणती पदवी-पदविका मान्य ते ठरवते. आणि मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आपण नुसतं एमएनसी म्हणतो, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. तुमचं नाव जे लिहिलं जातं ते या मुंबईच्या रजिस्टरमध्ये. २०२३ मध्ये संसदेने नवीन राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा पास केलाय, त्यात जुन्या कौन्सिलच्या जागी आयोग येणार, शिक्षण, कॉलेजांची तपासणी आणि नीतिमत्ता-रजिस्ट्रेशन यांची वेगवेगळी मंडळं असणार, राज्यातही आयोग असणार. नावं बदलतील पण तुम्हाला ज्या पायऱ्या चढायच्या आहेत त्या ह्याच राहतील, त्यामुळे घाबरून थांबू नका.

हे सगळं कशाला लागतं, एक प्रसंग सांगते

नोकरीच्या सुरुवातीला मी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात होते, नाव नको. रात्रपाळीला माझ्या जोडीला एक पोरगी होती, जवळच्याच गावची, आठ महिन्यांपासून तिथे लागलेली, बारावी झालेली, नर्सिंग काही केलेलं नाही. कामाला वाघीण, पेशंटशी गोड बोलायची, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. एका पेशंटला सेफ्ट्रियाक्झोन द्यायचं होतं, ती पावडरची व्हायल असते, डिस्टिल्ड वॉटर टाकून हलवायची आणि मग शिरेतून द्यायची. ट्रेमध्ये दोन अँप्यूल शेजारी शेजारी पडलेले, दोन्ही १० मिलीचे, दोन्हीत पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं. तिने एक तोडला, सिरिंजमध्ये ओढला. माझी नजर सहज रिकाम्या अँप्यूलवर गेली आणि पोटात गोळा आला. पोटॅशियम क्लोराइड.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ते औषध सलाईनच्या बाटलीत मिसळून हळूहळू द्यायचं असतं, थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली काय झालं ताई, पाणीच तर आहे.

त्या पोरीची चूक मी आजही मानत नाही. औषध उचलताना एकदा, भरताना एकदा आणि देण्याआधी एकदा, असं तीन वेळा लेबल वाचायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, ते शिकवायला तीन-चार वर्षं लागतात, रोज इन्चार्ज सिस्टरची बोलणी खावी लागतात. चूक त्या मालकाची, ज्याने अर्ध्या पगारात माणूस मिळतंय म्हणून तिला ट्रे हातात दिला. रजिस्टरमध्ये नाव नसताना नर्स म्हणून काम करणं हा कायद्याने गुन्हा आहे, तरी चालतं, आणि चालतं तेव्हा किंमत कॉटवरचा माणूस मोजतो. त्या रात्री तो पेशंट झोपलेला होता, त्याला आजपर्यंत माहीत नाही काय टळलं ते.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: कोर्स नीट ओळखा

नर्स म्हणून रजिस्ट्रेशन देणारे सुरुवातीचे कोर्स तीनच. एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवायफरी दोन वर्षांचा, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. एएनएमला बारावी कोणतीही शाखा चालते, जीएनएमलाही आर्ट्स-कॉमर्सवाले येऊ शकतात पण इंग्रजी विषय हवा, बीएस्सीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएम झाल्यावर नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे दार बंद होत नाही, म्हणून घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी जीएनएम, मग नोकरी करून पुढे शिका, मी तसंच केलं आणि काही बिघडलं नाही.

एसटी स्टँडच्या भिंतींवर पोस्टर असतात ना, सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी, त्यापासून लांब राहा. सहा महिन्यांचे सहाय्यकाचे कोर्स असतात, पेशंटला आंघोळ घालणं, जेवू घालणं, कूस बदलणं, ते काम मानाचं आहे आणि त्याची गरजही आहे, पण त्यातून कौन्सिलचा नंबर मिळत नाही आणि इंजेक्शनचा ट्रे हातात घ्यायचा अधिकार मिळत नाही. आई-वडिलांनी कापूस विकून भरलेले पैसे असतात ते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने असाच कोर्स केला, सर्टिफिकेटवर नर्सिंग हा शब्द मोठ्ठा छापलेला, कौन्सिलकडे गेल्यावर कळलं की त्याला तिथे काडीची किंमत नाही. वेळ आणि घरातले पैसे दोन्ही गेले. नंतर तिने पहिल्यापासून एएनएम केलं.

दुसरी पायरी: कॉलेज तपासा, आणि हे प्रवेशाआधी

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या साईटवर राज्यवार आणि वर्षवार कॉलेजांची यादी असते. तुमचं कॉलेज त्यात आहे का बघा, आणि तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच वर्षाच्या यादीत आहे का बघा, कारण मागच्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. किती सीट मंजूर आहेत तेही बघा, चाळीस मंजूर आणि वर्गात सत्तर बसलेत असं असेल तर वरच्या तीस जणांचं काय होणार हा प्रश्न आजच विचारा. तसंच राज्य कौन्सिलची मान्यता विचारा, आणि परीक्षा कोण घेणार ते विचारा. बीएस्सी असेल तर आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एएनएम-जीएनएम असेल तर मुंबईचं नर्सिंग आणि पॅरावैद्यक शिक्षण मंडळ. कोणी जळगावच्या विद्यापीठाचं नाव सांगून नर्सिंगला प्रवेश देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

हे मी इतकं ताणून का सांगतेय तर आपण बॉर्डरवरचे लोक. रावेर-यावलची मुलं बऱ्हाणपूरला जातात, शिरपूरची सेंधव्याला, फी कमी असते म्हणून. सगळीच कॉलेजं वाईट नसतात पण मध्य प्रदेशात काय झालं ते माहीत करून घ्या. तिथल्या हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयने नर्सिंग कॉलेजं तपासली, २०२४ च्या सुरुवातीला ३०८ कॉलेजांचा अहवाल गेला, त्यात १६९ योग्य निघाली, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य. आणि पुढे त्याच तपासात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच माणसांना अटक केली. ह्या सगळ्यात भरडली गेली ती मुलं, परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. अमेरिकेतही हे होतं बरं का, फ्लोरिडात तीन नर्सिंग स्कूलनी ७,६०० च्या वर खोटे डिप्लोमे विकले, २०२३ च्या जानेवारीत ते उघड झालं.

यादी बघून झाली की एकदा प्रत्यक्ष जा. कोणाला न सांगता जा, बुधवारी किंवा गुरुवारी. कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कुठलं ते विचारा आणि त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन बघा की कॉट भरलेल्या आहेत का, मुलं खरंच वॉर्डात ड्युटीला दिसतात का, डिलिव्हरी होतात का. ज्या हॉस्पिटलात पेशंटच नाही तिथे तुम्ही काय शिकणार? "हजेरीची काळजी करू नका, फक्त परीक्षेला या" असं ऑफिसात कोणी म्हणालं तर ते ऐकायला गोड लागतं, पण तुमच्या हातून पुढे होणाऱ्या चुका तिथेच पेरल्या जातात.

तिसरी पायरी: शिकताना कागद जपा

ह्याबद्दल थोडक्यात. पहिल्याच आठवड्यात दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर जुळवा. आपल्याकडे दहावीला आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांच्या नावापुढे भाऊ किंवा राव लागलेलं, कुठे नाही, पाटीलचं स्पेलिंग दोन प्रकारचं. जन्मतारीख पण बघा. हे पहिल्या वर्षी दुरुस्त होतं, शेवटच्या वर्षी रडवतं. डिलिव्हरीच्या केसेसची बुक, क्लिनिकल रेकॉर्ड, सगळ्या मार्कशीट, एका जाड प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. आणि सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, सायबर कॅफेवाल्याच्या नाही.

चौथी पायरी: रजिस्ट्रेशन

पास झालात म्हणजे नर्स झालात असं नाही, मध्ये हा एक उंबरठा आहे. निकाल लागला की एमएनसीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, बऱ्याचदा कॉलेज मदत करतं. साधारण लागतं ते म्हणजे दहावी-बारावीचे कागद, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, पास झाल्याचं किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, कोर्स पूर्ण केल्याचं कॉलेजचं पत्र, आधार, फोटो, सही आणि फी. फी आणि कागदांची ताजी यादी पोर्टलवरूनच घ्या, व्हॉट्सअपवर फिरणारी नको. फी भरल्याची पावती डाउनलोड करून ठेवा. एजंटची गरज नाही. "मुंबईत माझी ओळख आहे, लवकर काढून देतो" म्हणणारे हजारो रुपये घेतात आणि तोच अर्ज तुमच्यासारखाच भरतात, शिवाय तुमचा पासवर्ड आणि मोबाईल नंबर त्यांच्याकडे राहतो.

सर्टिफिकेट आलं की लगेच फोटो काढून स्टेटसला ठेवायची घाई असते सगळ्यांना, मला पण झाली असती पण तेव्हा स्टेटस नव्हतं. नका ठेवू. त्यावरचा नंबर वापरून दुसरं कोणी तुमच्या नावाने काम करू शकतं. त्याऐवजी आधी शांत बसून वाचा. नाव, जन्मतारीख, कोर्स, नंबर, वैधता कधीपर्यंत. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा.

माझं सर्टिफिकेट पोस्टाने आलं होतं. वडील शेतातून आले, हात धुतले, टॉवेलला कोरडे केले आणि मगच पाकीट घेतलं. त्यांनी माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, मग नंबर वाचला, एकेक आकडा. घरात कोणाच्याच नावापुढे असं काही लिहून आलेलं नव्हतं.

त्याच्याबरोबर आणखी एक नंबर असतो तो एनयूआयडी, राष्ट्रीय ओळख क्रमांक. इंडियन नर्सिंग कौन्सिलने देशभराचं एक चालतं रजिस्टर केलंय, त्यात आधारशी जोडून प्रत्येक नर्सची नोंद होते. पूर्वी कोण वारलं, कोण परदेशी गेलं, कोणाचं नाव कशात आलं काही कळायचं नाही, रजिस्टर नुसतं फुगत जायचं. हा नंबर पण काढून घ्या, नोकरीला आता विचारतात.

आणि नोकरीला लागताना ओरिजिनल सर्टिफिकेट कुठेही जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. माझ्या रूममेटचं ओरिजिनल एका हॉस्पिटलने ठेवून घेतलं, दोन वर्षं नोकरी सोडता आली नाही, वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा पण सुट्टी मागायला घाबरायची. तुमचं सर्टिफिकेट हॉस्पिटलच्या कपाटात असेल तर चुकीच्या ऑर्डरला नाही म्हणायची हिंमत पण त्याच कपाटात कुलुपात जाते, हे मी स्वतः बघितलंय.

लग्नानंतरचं नाव

मुलींनो, हा वेगळा मुद्दा करतेय कारण सगळ्यात जास्त फोन याचेच. आपल्याकडे लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, आधार बदलून घेतात, बँक बदलतात आणि रजिस्टरमध्ये मात्र माहेरचंच नाव राहतं. मग रिन्यूअलला, सरकारी भरतीला, परदेशाच्या व्हेरिफिकेशनला सगळं अडकतं, दोन वेगळ्या बायका असल्यासारखं. एकतर सगळीकडे माहेरचंच नाव ठेवा, त्यात काही गैर नाही, नाहीतर लग्नाचं सर्टिफिकेट आणि लागेल तो राजपत्राचा कागद जोडून कौन्सिलकडे नाव बदलाचा अर्ज आधी करा. अर्धं-अर्धं ठेवू नका.

पाचवी पायरी: नाव जिवंत ठेवा

महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी रिन्यूअल आहे. त्यासाठी सीएनईचे पॉइंट लागतात, म्हणजे चालू शिक्षणाचे कार्यक्रम, कार्यशाळा, परिषदा, ज्यांना कौन्सिलची मान्यता आहे अशा. मान्यता आहे का ते फी भरण्याआधी विचारा, नाहीतर दिवसभर बसून जेवण करून याल आणि हातात नुसता कागद. शेवटच्या महिन्यात सगळे पॉइंट गोळा करायला धावू नका, दरवर्षी थोडं थोडं करा. ड्युटी सोडून जाता येत नाही, मेट्रन सोडत नाही, घरी लहान मूल आहे, हे सगळं मला माहीतय, मी पण बाळाला आईकडे ठेवून धुळ्याला सकाळची गाडी पकडून गेलेय. पण ते पॉइंट कशासाठी आहेत बघा. मी शिकले तेव्हाच्या कितीतरी गोष्टी आता चुकीच्या ठरल्यात. आम्हाला हृदय बंद पडलं की आधी तोंडाने श्वास द्या शिकवलं होतं, २०१० पासून छाती दाबायला आधी सुरुवात करा म्हणतात. ज्याने मध्ये काहीच ऐकलं नाही तो पेशंटवर जुनंच करणार ना.

इंग्लंडात तर दर तीन वर्षांनी करावं लागतं, त्या तीन वर्षांत ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास शिक्षण, शिवाय आपल्या कामातून काय शिकलो हे पाच वेळा लिहून द्यायचं. मला ही शेवटची गोष्ट फार आवडते, आपल्याकडे पण यावी.

वैधता संपली आणि तुम्ही तशाच ड्युटी करत राहिलात तर उद्या काही झालं की पहिला प्रश्न तोच येतो. मुलं झाल्यावर चार-पाच वर्षं घरी बसणाऱ्या मुलींनो, नोकरी सोडा पण रिन्यूअल सोडू नका.

राज्य बदललं तर

नवापूरचं रेल्वे स्टेशन माहितीये ना, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, बाकड्याच्या ह्या टोकाला बसलं की एक राज्य, त्या टोकाला दुसरं. नर्सचं रजिस्ट्रेशन त्या बाकड्यासारखं नाही. आपली कितीतरी मुलं सुरतला जातात कामाला, तिथे गुजरात नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लावावं लागतं. तुमची पदविका इंडियन नर्सिंग कौन्सिलने मान्य केलेली असेल तर दुसऱ्या राज्यात पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, पण अर्ज, आपल्या कौन्सिलकडून पडताळणी आणि ना हरकत हे सगळं करावं लागतं. मध्य प्रदेशात शिकून जळगावात नोकरी करायची असेल तरी हेच उलट्या बाजूने. नोकरी लागल्यावर करू म्हणू नका, वेळ लागतो.

परदेश

ह्याच्यावर वेगळं लिहावं लागेल इतकं आहे, पण मुख्य ते सांगते. प्रत्येक देश आपल्या पेशंटसाठी आपला उंबरठा ठेवतो, इथला नंबर तिथे नेऊन चालत नाही, पण इथला नंबर स्वच्छ नसेल तर तिथलं दारच उघडत नाही. आखाती देशांत डेटाफ्लो नावाची पडताळणी असते, ते तुमचं कॉलेज, कौन्सिल, जुनं हॉस्पिटल सगळ्यांना थेट विचारतात, म्हणून खोटं अनुभवाचं सर्टिफिकेट कोणाकडून घेऊ नका, पकडलं गेलं की तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जात दिसतो. इंग्लंडला आधी इंग्रजी, आयईएलटीएस असेल तर वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथे जाऊन ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायचं. अमेरिकेला एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा, त्यात ८५ ते १५० प्रश्न येतात, तुमच्या उत्तरांप्रमाणे कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो. सगळीकडे आपल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट मागतात, म्हणजे या व्यक्तीविरुद्ध काही कारवाई नाही असं.

हे का मागतात? अमेरिकेत चार्ल्स कलन नावाचा नर्स होता, १९८८ ते २००३ एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जात पेशंट मारत राहिला. संशय अनेक ठिकाणी आला होता, पण प्रत्येकाने त्याला गुपचूप जाऊ दिलं आणि पुढच्याला सांगितलं नाही. त्यानंतर न्यू जर्सीत कायदाच करावा लागला की अशी माहिती द्यायचीच. इतकं भयंकर क्वचित घडतं, पण "आपल्याला काय करायचंय, गेला ना इथून" ही वृत्ती आपल्याकडे पण आहे, आणि रजिस्टर तिच्यावरच मात करण्यासाठी असतं.

तक्रार: दोन्ही बाजूंनी

आधी नर्सच्या बाजूने. कौन्सिलकडे तक्रार गेली म्हणजे नाव गेलं असं नसतं. चौकशी होते, नोटीस येते, तुमची बाजू मांडायची संधी मिळते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव काढता येतं. अशा वेळी तुमच्या कामी येतं ते तुमचं लिहिलेलं. औषध दिलं की लगेच वेळ, मात्रा, सही. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर ती वाचून दाखवा, लिहा आणि नंतर त्यांची सही घ्या. एका रात्रीत तीस पेशंट एकट्या नर्सवर टाकले असतील तर तेही ड्युटी रिपोर्टमध्ये लिहा, भांडणासाठी नाही, नोंद म्हणून. चूक झालीच तर लपवू नका, ताबडतोब डॉक्टरांना सांगा, कारण पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेली चूक बऱ्याचदा सुधारता येते. आणि शेजारी कोणी रजिस्ट्रेशन नसताना इंजेक्शन देतंय हे दिसत असेल तर गप्प राहणं म्हणजे आपणही त्यात आलो. मी त्या रात्रीनंतर मालकाशी बोलले, ऐकलं नाही, मी नोकरी सोडली. पण लेखी तक्रार केली नाही, वय लहान होतं, भीती वाटली. ती करायला हवी होती, हे मला आजही टोचतं.

आता नातेवाइकांच्या बाजूने. तुमच्या माणसाला इंजेक्शन देणाऱ्याला नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारायचा तुम्हाला हक्क आहे, खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही. शंका असेल तर तो नंबर कौन्सिलकडे पडताळता येतो. रागाच्या भरात सिस्टरला मारहाण, काचा फोडणं, यातून काहीच निघत नाही, उलट खरी चूक बाजूला राहते. एक साधा अर्ज लिहा. पेशंटचं नाव, हॉस्पिटल, तारीख, वेळ, कोणी काय केलं, त्यानंतर काय झालं, जसं घडलं तसं, ऐकीव नको. हॉस्पिटलकडून केस पेपरच्या प्रती लेखी मागा, त्या अर्जाला जोडा. नर्सच्या वागणुकीची तक्रार असेल तर कौन्सिलच्या रजिस्ट्रारकडे, हॉस्पिटलने बिगर रजिस्ट्रेशनवाले ठेवले असतील तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनकडे, नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात, तो जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. लिहिता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या, मराठीत चालतं. हाताने दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या, पोस्टाने पाठवला तर स्पीड पोस्टाची पावती जपा, आणि ती प्रत घरात गहाळ होणार नाही अशा जागी ठेवा.